आधी मास्टर पासवर्ड आणि कागद, ॲप नंतर

तुम्ही विचारलंय की बाबांची डायरी, तुमचं क्रोम आणि मिस्टरांच्या फोनमधल्या नोट्स अशा तीन ठिकाणी पासवर्ड विखुरलेत, घरात दोन अँड्रॉइड, एक आयफोन आणि विंडोजचा लॅपटॉप आहे, तर कुठला पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप) घ्यावा, फुकटचा चालेल का, आणि सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि तेच फुटलं तर काय. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, तो सुटला की बाकीचं सोपंय.

फुटू शकतं, फुटलेलं आहे. लास्टपास नावाच्या मॅनेजरच्या कंपनीने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की घुसखोरी झालीये, आणि डिसेंबरमध्ये सांगितलं की ग्राहकांच्या व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीचे, बॅकअपच चोरीला गेलेत. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) होते पण कुठल्या कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडेच होते. आता चोराकडे कॉपी आहे म्हटल्यावर तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक होणं वगैरे काही नसतं, तो स्वतःच्या मशीनवर रात्रंदिवस अंदाज लावत बसू शकतो. ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा तो एक पासवर्ड) लांब आणि खरोखर रँडम, त्यांचं फोडणं जवळपास अशक्य, आणि ज्यांचा नाव अधिक साल असा, त्यांचं काही खरं नाही. म्हणून कंपनीचा सर्व्हर एक दिवस चोरीला जाणार असं धरूनच मास्टर पासवर्ड ठरवायचा. आणि विखुरलेलं म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही, कारण विखुरलेलं असलं की माणूस तोच एक पासवर्ड दहा ठिकाणी वापरतो, मग एखादी फालतू शॉपिंग साइट फुटली की ईमेल-पासवर्डची तीच जोडी चोर जीमेलवर लावून बघतात.

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत मी ज्येष्ठ मंडळींना फोनचं शिकवते, तिथे पासवर्डमध्ये सिंहगड, मोरया, नातवाचं नाव, १६७४ आणि ४११ ने सुरू होणारा पिनकोड हे हटकून दिसतात, पुढे ॲटदरेट आणि १२३. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम नेमके ह्याच साच्यापासून सुरू करतात. डोक्याला रँडम काही सुचत नाही हो, कुणालाच नाही, म्हणून फासे वापरा. डाइसवेअर नावाची पद्धत आहे, १९९५ ची, अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी काढलेली. सापशिडीतला साधा फासा पाच वेळा टाकायचा, आलेले आकडे ओळीने लिहायचे, समजा ४-२-६-१-३, आणि यादीत त्या नंबरसमोर जो शब्द असेल तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, सहाचा पाचवा घात. असे सहा शब्द काढा, तोच तुमचा मास्टर पासवर्ड. शब्द आवडला नाही म्हणून परत टाकायचं नाही, आवडनिवड आली की रँडमपणा गेला. ईएफएफ ह्या संस्थेची २०१६ ची यादी फुकट मिळते, शब्द इंग्रजी पण सोपे आहेत. मराठी शब्द घ्यायचा मोह होतो, पण रोमनमध्ये 'पाऊस' लिहिताना ए एक टाकला होता का दोन, पुढे यू का डबल ओ, हे सहा महिन्यांनी आठवत नाही आणि व्हॉल्ट उघडत नाही, त्यामुळे मी इंग्रजी यादीच सुचवते. पहिले काही आठवडे फिंगरप्रिंट बंद ठेवून रोज हाताने टाइप करा, बोटांना सवय होऊ दे.

आता कागद. पासवर्ड लिहून ठेवू नये हे ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल बरोबर आहे, घरच्या कपाटाबद्दल नाही, कुठल्यातरी दुसऱ्या देशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. कागदावर मॅनेजरचा ईमेल, मास्टर पासवर्ड, टू-स्टेप लॉगिनचा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतात ते) रिकव्हरी कोड, आणि जीमेलचा पासवर्ड आणि त्याचे बॅकअप कोड (गूगल ८ आकडी १० कोड देतं). जीमेल का, तर समजा फोन हरवला, नव्या फोनवर बिटवॉर्डन (मी खाली सुचवलेला मॅनेजर) टाकलं, टू-स्टेप चालू नसेल तर ते ईमेलवर कोड पाठवतं, आणि ईमेलचा पासवर्ड आहे बिटवॉर्डनच्या आत. बसा बाहेर. टू-स्टेप चालू करा आणि हा कागद करा, मग हे होत नाही. दोन प्रती काढा, एक कपाटात, दुसरी दुसऱ्या घरात, म्हणजे बहीण चिंचवडला असेल तर तिच्याकडे बंद पाकिटात. फोटो काढायचा नाही, तो आपोआप क्लाउडवर जातो.

ॲपचं म्हणाल तर तुमच्यासाठी बिटवॉर्डन, आणि फुकटचं पुरतं. पासवर्ड कितीही, डिव्हाइस कितीही, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळीकडे चालतं, सोर्स कोड खुला आहे, आणि फुकटात दोन माणसांना काही पासवर्ड शेअर करता येतात, महावितरण, एमएनजीएलचा गॅस, मिळकतकर वगैरे तुम्ही दोघं तिथे ठेवा. वनपासवर्डला पैसे लागतात पण रचना मला सगळ्यात आवडते, मास्टर पासवर्डच्या जोडीला एक सीक्रेट की तुमच्या डिव्हाइसवर असते, त्यामुळे नुसता सर्व्हर चोरून अंदाज लावत बसता येत नाही. परवडत असेल तर खुशाल घ्या. कीपासएक्ससी चांगलं आहे, फाइल पूर्ण तुमच्या ताब्यात, पण फाइल सगळ्या डिव्हाइसवर सारखी ठेवणं आणि तिचा बॅकअप हे तुमचं काम, घरात कुणाला त्याची आवड नसेल तर नको. ॲपलचं पासवर्ड्स ॲप अँड्रॉइडवर नाही, विषय संपला. क्रोममधलं डायरीपेक्षा नक्कीच बरं, पण फोनचा पिन कळला की बहुतेक वेळा आतलं सगळं बघता येतं, आणि पिन तर आपण पीएमपीच्या गर्दीत चारचौघांसमोर टाकतो.

मॅनेजरचा जो फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो तो लक्षात राहण्याचा नाहीच. बँकेच्या नावाने केवायसीचा मेसेज येतो, लिंक उघडली की तोच लोगो, तेच रंग, तीच लॉगिनची चौकट, माणूस फसतो. मॅनेजर फसत नाही, तो फक्त वेबसाइटचा पत्ता बघतो आणि पत्ता जुळला नाही तर पासवर्ड पुढेच करत नाही. बाबांना एवढंच शिकवा: आपोआप भरलं नाही तर थांबायचं, कॉपी-पेस्ट करायचं नाही, तुम्हाला फोन करायचा. काही बँकांच्या साइट ऑटोफिल अडवतात हे खरंय, त्यासाठी मॅनेजरमध्येच बँकेचा पत्ता सेव्ह करा आणि बाबांना तिथूनच उघडायला लावा.

पण ह्याने सगळं थांबत नाही. "आज रात्री वीज कापणार" असले मेसेज करून फोनवर स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावतात, तेव्हा व्हॉल्ट उघडा असेल तर आतलंही त्यांना दिसू शकतं, म्हणून ऑटो-लॉक कमीत कमी वेळेवर ठेवा. यूपीआय पिन व्हॉल्टमध्ये टाकूच नका, तो डोक्यात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळ फार महत्त्वाचा असतो.

बाबांची डायरी एकदम काढून घेऊ नका प्लीज. त्यांनी वर्षानुवर्षं खाडाखोड करून, वर 'नवीन' लिहून सांभाळलेली ती वही आहे, त्यांच्या शेजारी बसून एकेक खातं हलवा: आधी ईमेल, मग बँका, मग मोबाइल कंपनीचं खातं. बाकीची खाती जेव्हा लॉगिन कराल तेव्हा. हलवताना पासवर्ड बदला, नुसता जुनाच कॉपी करू नका, आणि बँक म्हणाली कमाल इतकी अक्षरं तर मॅनेजरच्या पासवर्ड जनरेटरमध्ये तेवढी लांबी लावा. क्रोममधून एक्स्पोर्ट केलं की सीएसव्ही फाइल मिळते, त्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, ती डेस्कटॉपवर ठेवू नका (वनड्राइव्ह चालू असेल तर कॉपी वर जाते), इम्पोर्ट झाल्या झाल्या डिलीट करा, रीसायकल बिनही रिकामा करा, आणि क्रोमचं पासवर्ड सेव्ह करायचं सेटिंग बंद करा नाहीतर दोन महिन्यांत परत दोन ठिकाणी दोन वेगळे पासवर्ड होतील.