आधी माती, मग सॉफ्टवेअर

नमस्कार,

तुमची मुलगी इथेच नागपुरात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इमारतीचा पाया कमी कार्बनमध्ये बसवणारं सॉफ्टवेअर शिकायचं म्हणते. हे फॅड तर नाही ना, यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

फॅड अजिबात नाही. जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी साधारण 7-8 टक्के सिमेंटचं. त्यातलं निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतं, त्यामुळे भट्टीचं इंधन बदलून भागत नाही. सिमेंटच कमी लागायला हवं. आणि पायात तर 'असू दे थोडं जास्त' म्हणून काँक्रीट ओतायची सवयच आहे.

समजा, खांबावर 600 किलोन्यूटन भार आहे. जमिनीची धारणक्षमता अंदाजाने दर चौरस मीटरला 150 किलोन्यूटन धरली, तर फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा, 4 चौरस मीटरचं. तपासणीत 200 निघाली, तर 3 पुरे. जाडी अर्धा मीटर धरली तरी एका खांबामागे अर्धा घनमीटर काँक्रीट वाचलं. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटच्या हिशेबाने दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. सॉफ्टवेअर हा हिशेब सगळ्या खांबांसाठी झटपट करतं, फुटिंग, राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच स्लॅब), पाइल (खोल जाणारे खांब) हे पर्यायही ताडून बघतं. पण तो 200 चा आकडा मातीतूनच यावा लागतो.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किती खोल लागतो, यावर सगळं ठरतं. म्हणून या सुट्टीत तिला महागड्या कोर्सला घालू नका, माती तपासणाऱ्या एखाद्या लॅबमध्ये पाठवा. तपासणीच्या बोअरपाशी उभी राहून 63.5 किलोच्या हातोड्याचे ठोके तिने स्वतः मोजावेत; नळी मातीत घुसायला जितके जास्त ठोके, तितकी माती घट्ट. मग पायाची भारतीय मानकं, आयएस 6403 आणि 2911, घेऊन हाताने गणितं, त्यानंतर सेफ, प्लॅक्सिस ही पायाची सॉफ्टवेअर आणि थोडं पायथन प्रोग्रामिंग. सिमेंटचे प्रकारही तिला माहीत हवेत: पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के कोळशाची राख असते आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख तर आपल्या दारातच आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नवख्या इंजिनिअरला 'कार्बन' नावाचं पद क्वचितच मिळतं. शिरकाव स्ट्रक्चरल (इमारतीचा सांगाडा) किंवा जिओटेक्निकल (माती आणि पाया) कन्सल्टंटकडेच होतो, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो. चार-पाच वर्षं तिथे टिकली, तर हा कार्बनचा हिशेब तिला इतरांपेक्षा वेगळं ठरवेल, असं मला मनापासून वाटतं. जिओटेक्निकलमध्ये एम.टेक. केलं तर उत्तमच. त्यासाठीची गेट ही प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षालाही देता येते आणि गुण 3 वर्षं चालतात, तेव्हा यंदाच फॉर्म भरू द्या.