पणजीच्या कपाळावरचे तीन ठिपके

प्रिय मनू,

काल दुरुस्त केलेला फोटो पाहून तू विचारलंस, "आई, फोटो साफच करायचा होता, तर पणजीच्या कपाळावरचे डाग परत का आणलेस? आणि आजीच्या रेकॉर्डिंगमधला खोकला तरी काप ना." झोपायची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा टाळलं. आज नीट सांगते.

श्रावणात आपण कानबाईला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, अमळनेरजवळ गावी गेलो होतो, आठवतं? नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सगळे भाऊबंद एका घरात जमतात, नैवेद्याच्या रोटाचे गहू माणसागणिक मुठीने मोजतात. फोटोतली माणसं ओळखून घ्यायला याहून चांगला दिवस नाही. भिंतीवरची फ्रेम उतरवली तर मागच्या पुठ्ठ्याला वाळवी, कडा कसरीने खाल्लेल्या आणि फोटो ओलीने काचेला चिकटलेला. मामा नखाने सोडवायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. चिकटलेला फोटो ओढला की चित्राचा थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. म्हणून अमळनेरला फोटोवाल्याकडे नेऊन काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला. ती मूळ फाइल तशीच जपून ठेवली आहे. जे काही करते ते तिच्या प्रतीवर.

इथे आल्यावर फोनमधल्या एका ॲपमध्ये तो घातला. चरे गेले, चेहरा तुळतुळीत झाला. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवला. तिने चष्मा पुसला, फोन डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, "हाई मन्ही सासू नही."

ॲपने पणजीचं गोंदण डाग समजून पुसलं होतं. कपाळावरचे तीन ठिपके आणि हनुवटीवरचा एक. आपल्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, "सोनं आठेच राही जास, गोंदण संगे येस." मरतानाही बाईसोबत जाणारा तो एकच दागिना. लहानपणी सुया सोसून पणजीने तो अंगावर घेतला होता. तो मी कसा पुसू? बुरशी काढली, फाटलेला कोपरा भरला. पण चारही ठिपके स्कॅनमध्ये पाहून जिथल्या तिथे परत बसवले. दोन संध्याकाळी गेल्या.

आता खोकल्याचं. गावी आजीला बोलतं करताना पंखा बंद केला, फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी केलेल्या गोधडीवर ठेवला. पहिली दहा मिनिटं ती शाळेत भाषण करावं तसं छापील मराठी बोलली. मग तोच फोटो तिच्या हातात दिला आणि ती अहिराणीवर, आपल्या खानदेशी बोलीवर, आली. त्यानंतरचंच खरं बोलणं. आजोबांचं नाव मात्र अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. तिच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, उखाण्यातच काय ते. ती "त्या" म्हणते, की समजायचं आजोबा.

तुला ठाऊक आहे, जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व घरातलं आणखी एक माणूस ती टिपून ठेवत. 1951 साली त्या गेल्या; पुढच्याच वर्षी गाणी पुस्तकात आली, त्यांच्याच बोलीत. कुणी बसून लिहिली नसती, तर ती त्यांच्यासोबतच गेली असती. म्हणून आजीची अहिराणीही मी सुधारून लिहिणार नाही.

तू म्हणतेस तो खोकला बाविसाव्या मिनिटाला आहे. फोटोत पणजीच्या मांडीवर एक मुलगी आहे, हललेली, चेहरा पुसट. आजीने तिच्यावर बोट ठेवलं, खोकली, पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हाई तुन्ही मोठी बहीण." मला एक बहीण होऊन गेली, एवढंच कानावर होतं. तिला मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. खोकला कापला, तर तिचं ते गप्प राहणंही कापलं जाईल, मनू.

फोटोतल्या बाकी सगळ्यांची नावं मी फाइलला जोडली आहेत. तिचं तेवढं राहिलंय. मला विचारवलं नाही. रविवारी आजीला फोन तू लाव. तू विचारलंस तर ती सांगेल.

तुझी,
आई