तानपुरा कोणी खाल्ला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. वडिलांच्या घरगुती बैठकींच्या चाळीस कॅसेटी आहेत, 1986 ते 1993 मधल्या. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. मधूनच टक्‌टक्‌ येते. त्यातलं नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करायचं साधन, लावलं तर तानपुरा गायब, आणि बाबा विहिरीत उतरून गाताहेत असं वाटायला लागलं. पट्टी घरच्या पेटीशी जुळत नाही. गाडीत लावलं की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. यावर आत्तापर्यंत तुम्हाला सात प्लगइन, म्हणजे ऑडॅसिटीला जोडायची वरची सॉफ्टवेअरं, सुचवून झाले आहेत.

ते राहू द्या. तुमच्या चार दुखण्यांपैकी एकालाही प्लगइन लागत नाही. आवाज कॅसेटीतून लॅपटॉपात पोचेपर्यंतच बिघडतोय, आणि तिथे गेलेलं नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

पण सगळ्यात आधी, हे वाचून उठलात की चाळीसही कॅसेटींच्या पाठीवरच्या त्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाका. टू-इन-वनमध्ये प्लेच्या शेजारीच लाल बटण असतं. टिकली मोडलेली असली की ते दाबलंच जात नाही. आमच्याकडे एका बैठकीच्या मधोमध चाळीस सेकंद कुकरच्या शिट्ट्या आहेत, त्या अशाच आल्या.

आता तानपुऱ्याचं. यात दोन चोर असू शकतात, आणि तुम्ही फक्त दुसऱ्याला पकडलंय.

पहिला चोर विंडोजमध्ये बसलाय. लॅपटॉपचं माइकचं भोक मीटिंगमध्ये बोलण्यासाठी केलेलं असतं. त्यामागे नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन अशी मंडळी कामाला लावलेली असतात. माणसाचा आवाज ठेवायचा आणि पंख्याची एकसुरी घरघर काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या लेखी तानपुरा म्हणजे पंखाच की! न थांबता, न बदलता वाजणारी गोष्ट. म्हणजे रेकॉर्ड होतानाच तो अर्धा कापला जातो. साउंड कंट्रोल पॅनेल उघडा, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये तुमच्या इनपुटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, आणि तिथे एन्हान्समेंट्स नावाचं जे काही दिसेल ते बंद. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ऑडिओ अ‍ॅप असेल तर त्यातही जाऊन बंद करा, नाहीतर ते मागल्या दाराने पुन्हा चालू होतं. याच खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सॅम्पल रेट 44100 ठेवा, आणि ऑडॅसिटीतही तोच.

खरं तर माइकचं भोक सोडाच. ते मोनो असतं, म्हणजे डावा-उजवा वेगळा घेत नाही, आणि हेडफोनच्या जोरकस सिग्नलने आवाज लगेच फाटतो. लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज घ्यायचं भोक, असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बेहरिंगरचं यूसीए 202 माझ्याकडे बारा वर्षं आहे. लाल-पांढऱ्या पिना खुपसायच्या, झालं. बाजारात पेनड्राइव्हएवढे स्वस्त डोंगल मिळतात, त्यांच्यावर गुलाबी भोक असतं. ते पुन्हा माइकचंच, तेव्हा पैसे वाया. टेपचा व्हॉल्यूम साधारण एक तृतीयांशावर ठेवून खूण करून ठेवा, आणि ऑडॅसिटीच्या मीटरवर सगळ्यात चढा सूर उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. तबल्याची पहिली थाप दगा देते, थोडी जागा ठेवा.

दुसरा चोर म्हणजे नॉइज रिडक्शन, पण गुन्हा त्याचा नाही. ते आधी तुमच्याकडून नमुना मागतं: 'यातलं नको असलेलं कसं ऐकू येतं ते दाखवा.' तुम्ही लिहिलंय की गाणं सुरू व्हायच्या आधीचा शांत तुकडा सिलेक्ट करून गेट नॉइज प्रोफाइल केलं. ताई, त्या तुकड्यात बाबा शांत होते, तानपुरा शांत नव्हता, तो वाजतच होता. तुम्ही तानपुऱ्याचाच फोटो देऊन 'याला हाकला' म्हणालात.

तुम्हाला हसत नाहीये. हीच चूक मी 2009 साली आत्याच्या कॅसेटीवर केली, वर मूळ फाइल पुसून टाकली. दुसऱ्यांदा कॅसेट लावली तर टेपने ती चघळली. आत्या आजही आमच्याकडे तानपुऱ्याविना गातेय.

नमुना घ्यायचा तो कॅसेटीच्या सुरुवातीचा. पण अगदी सुरुवातीची जी पारदर्शक पट्टी असते तिच्यावर टेपचा लेपच नसतो, त्यामुळे सूं आवाजही नसतो. ती जाऊ द्या. तिच्यानंतर, रेकॉर्डिंग चालू झालंय पण कोणी काही वाजवलेलं नाही असे एक-दोन सेकंद बहुतेक वेळा सापडतात. नाहीच सापडले तर बाजू संपल्यावर उरलेली कोरी टेप घ्या. मग सेटिंग: कपात 6 डेसिबल, फार तर 9. बारा-पंधरा लावलं की विहीर आलीच. आणि त्याच खिडकीत खाली रेसिड्यू नावाचा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू ऐका. त्यात फक्त काढून टाकलेला आवाज ऐकू येतो. नुसतं सूं ऐकू आलं तर ठीक. त्यात तानपुऱ्याची झार, म्हणजे तारांची झणझण, किंवा बाबांचे 'स'-'श' ऐकू आले तर हात आखडता घ्या. मला विचाराल तर थोडी सूं राहिलेली बरी. कान पाच मिनिटांत ती विसरतो, झार गेलेली विसरत नाही.

फुकटात 3 डेसिबल हवे असतील तर आणखी एक. त्या काळची घरगुती टू-इन-वनची रेकॉर्डिंगं बहुतेक एकाच माइकवरची, म्हणजे मोनो असतात. ती स्टिरिओ हेडवर वाजवली की डाव्या-उजव्या बाजूला गाणं तेच येतं, पण सूं वेगवेगळी. दोन्ही मिसळून मोनो केलं की गाणं दुप्पट होतं आणि सूं तेवढी वाढत नाही. अट एकच, हेड, म्हणजे टेप वाचणारा धातूचा तुकडा, सरळ हवं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो किंचित, खरंच किंचित, इकडे-तिकडे फिरवून टाळांचा आवाज सगळ्यात झळझळीत कुठे येतो ते बघा. मोनोत ऐकलंत तर फरक लगेच कळतो. त्याआधी कान साफ करायच्या कापसाच्या इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि रबरी रोलर पुसा. इतक्या वर्षांनी तो बोळा कॉफीच्या रंगाचा निघेल, घाबरू नका.

टक्‌टक्‌चं थोडक्यात. आधी कोणीतरी एसिओ फॉर ऑल नावाचा ऑडिओ ड्रायव्हर टाका असं सुचवलंय. ते लाइव्ह गाताना-वाजवताना आवाज उशिरा येऊ नये म्हणून. तुमच्या कॅसेटीला कसली घाई? ऑडॅसिटीच्या सेटिंगमध्ये बफर लेंथ, म्हणजे आवाज क्षणभर साठवून ठेवायची मुदत, 100 मिलिसेकंद असते, ती दुप्पट करा. उशीर वाढेल, टक्‌टक्‌ कमी होईल. रेकॉर्डिंग करताना एअरप्लेन मोड लावा, वायफायचा ड्रायव्हर हा जुना गुन्हेगार आहे. खात्री करायची असेल तर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर नाव घेऊन सांगतं कोण अडवतंय. आणि प्रोजेक्ट फाइल क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. 45 मिनिटांच्या एका बाजूची फाइल साडेनऊशे एमबीच्या घरात जाते, आणि तुम्ही रेकॉर्ड करत असतानाच लॅपटॉप ती वर चढवायला धडपडतो. तुमच्या 4 जीबी रॅमच्या मशीनला तेवढंच निमित्त पुरतं. घूं असा घुमारा येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बहुतेक जातो.

पट्टीबद्दल मात्र तुम्ही नशीबवान आहात, कारण बाबांची तीच पेटी घरात आहे.

वेग तपासायची एक युक्ती सांगितली जाते: जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेचा घुमारा शोधायचा, तो बरोबर 50 हर्ट्‌झवर आहे का बघायचं. इथे ती चालवू नका. 2002 च्या आधी आपल्या विजेच्या ग्रिडची वारंवारता स्वतःच डुलत असायची. संध्याकाळच्या भाराला ती साडेअठ्ठेचाळीसच्या खाली जाणं हे नवल नव्हतं. ज्याच्याशी ताडून बघायचं तोच बेसुरा.

त्यापेक्षा पेटी. कॅसेटीत पेटी एकटी, लांब सा धरून आहे अशी जागा शोधा, साधारण अभंग सुरू व्हायच्या आधी मिळते. ती सिलेक्ट करून अ‍ॅनलाइझ मेन्यूतलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइझ मोठी ठेवा, 16384 किंवा जास्त. डोंगराच्या शेंड्यावर माउस नेला की हर्ट्‌झ दिसतात. मग घरच्या पेटीवर तीच पट्टी दाबून ती रेकॉर्ड करा आणि तसंच मोजा. समजा बाबांची काळी एक पेटीवर 278 भरली आणि कॅसेटीत 286.5. म्हणजे 278 भागिले 286.5, आले 0.970. इफेक्टमध्ये चेंज स्पीड अँड पिच घ्या आणि मल्टिप्लायरमध्ये तो आकडा टाका. चेंज पिच नावाचा वेगळा इफेक्ट आहे, तो नको. टेप जोरात चालली तेव्हा सूर आणि लय दोन्ही चढले, तेव्हा दोन्ही एकत्रच उतरवायला हवेत. एवढ्या वर्षांत पेटीचे सूर थोडे हलले असतील, पण टेपच्या मोटरइतके नाहीत.

एखाद्या कॅसेटीत शेवटाकडे आवाज बारीक आणि लय चढी होत गेली, तर ओळखा की त्या दिवशी टेपमधले सेल उतरत चालले होते. रेकॉर्ड होताना टेप हळू पडत गेली, म्हणून आता ती जोरात धावते. तिथे एक आकडा पुरत नाही. सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा मोजा आणि स्लायडिंग स्ट्रेचने हळूहळू उतरवा. मी दोन बाजूंना हे केलंय. वेळ खातं, पण भैरवी ताळ्यावर येते.

गाडीतली प्रश्नचिन्हं दोन मिनिटांचं काम. एम्पीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये नावाला फक्त 30 अक्षरांची जागा असते आणि देवनागरी मावतच नाही. एम्पीथ्रीटॅग हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ऑप्शन्समध्ये टॅग लिहिण्याची पद्धत आयडीथ्री व्ही 2.3 यूटीएफ-16 करा, सगळ्या फाइली सिलेक्ट करून सेव्ह. त्यानंतर प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले तर गाडीत देवनागरीचा फॉन्टच नाही, तिथे रोमन लिपीला शरण जा. कमेंटच्या रकान्यात तबल्याला, पेटीला कोण होतं ते भरा. आत्ता आई सांगू शकते आहे तोवर.

मूळ, काहीही न केलेली फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलप्रकारात, वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि सगळे उद्योग तिच्या नकलेवर. एका कॅसेटीची दोन मिनिटं, एन्हान्समेंट्स बंद करून आणि नॉइज रिडक्शन न लावता, इथे चढवा. पेटीची काळी एकही सोबत द्या. आकडा मी काढून देतो.