शेजारच्याला नऊ हजार आणि मला पंधरा हजार मिळकतकर का?

पुण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतलात, स्वतः राहता, क्षेत्रफळ शेजारच्याएवढंच, तरी त्याला नऊ हजार आणि तुम्हाला पंधरा हजार. हे कसं, असं तुम्ही विचारलंय. आकडे वाचताच उत्तर कळलं. पंधराचे साठ टक्के म्हणजे नऊ. तुम्हाला 40 टक्क्यांची सवलत लागलेली नाही.

घराला वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज धरून महापालिका कर लावते. मालक स्वतः राहत असेल तर हे वार्षिक भाडं 40 टक्के कमी धरायचं, असा ठराव महापालिकेने 1970 मध्ये केला होता. पुणेकरांना तो आपला हक्कच वाटायचा. पण कायद्यात अशा सवलतीची तरतूद नव्हती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 2019 मध्ये राज्य सरकारने ठराव रद्द केला. नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेना. शिवाय जीआयएस सर्वेक्षणात, म्हणजे मिळकतींच्या नकाशावर आधारित पाहणीत, जिथे भाडेकरू सापडले, तिथली काढून घेतली. ओरड झाली, आणि 2023 मध्ये सरकारने ती परत दिली. माझ्या मते आक्षेप चुकीचा नव्हता, पण पन्नास वर्षं चाललेली गोष्ट आधीच नीट कायद्यात बसवायला हवी होती.

तुमच्या आधीच्या मालकाने भाडेकरू ठेवला होता का, ते विचारा. बहुधा तिथेच सवलत गेली असेल. घर विकलं म्हणून ती आपोआप परत येत नाही, पीटी-3 अर्ज द्यावा लागतो. सोबत सोसायटीचं पत्र, रहिवासाचा पुरावा, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचंही बिल. त्याआधी बिलावर तुमचं नाव लागलंय ना, हे बघा. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, घेऊन गेलात की ते काम होतं. मग महापालिकेचा पेठ निरीक्षक घर बघायला येऊ शकतो.

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, ही पत्रं मीच देतो. घरात भाडेकरू बसवून 'मालक स्वतः राहतात' असं लिहून मागणारेही येतात. त्यांना चहा मिळतो, पत्र नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, सवलत मिळाली तरी समोरच्या जुन्या इमारतीतल्या काकांएवढं बिल येणार नाही. तिथलं भाडं जुन्या दराने ठरलंय आणि नवे दर नव्या आकारणीलाच लागतात. मुंबईत 2010 पासून भाड्यावर नाही, तर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर आहे आणि 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे. आपल्याकडे तसं काही नाही, त्यामुळे मुंबईतल्या मेहुण्याच्या बिलाशी तुलना करून डोकं तापवू नका.

अर्ज दिलाय म्हणून बिल मात्र अडवून ठेवू नका, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते.