प्रकल्पाची सुरुवात सेन्सरपासून नको

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबातून आलो असून यंदा मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहे. चाळीतील, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधील, कांद्याची सड ओळखून मोबाईलवर सूचना देणारे उपकरण बनवायचे, असा प्रकल्प मी ठरवला आहे. एमक्यू-१३५ गॅस सेन्सर आणि त्याचे रीडिंग वाचून मोबाईलकडे पाठवणारा ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणला, पण रीडिंग स्थिर येत नाही. दुसरा कोणता सेन्सर घ्यावा? मला मशीन डिझाइनमध्ये नोकरी करायची आहे; शेतीचा विषय मुलाखतीत कमी लेखला जाईल का?

उत्तर : सेन्सरविषयी विचारले आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. एमक्यू-१३५ हा अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा अनेक गोष्टींना प्रतिसाद देतो आणि हवेतील तापमान व आर्द्रता बदलली की त्याचे रीडिंगही सरकते. चहूबाजूंनी वारा खेळावा म्हणूनच बांधलेल्या चाळीत, तेही ऐन पावसाळ्यात, ते स्थिर राहणे कठीण आहे. महागडा सेन्सर घेतल्यास आकडे कदाचित सुधारतील, पण खरी अडचण त्यापुढची आहे. मोबाईलवर सूचना आल्यानंतर तुमचे वडील नेमके काय करणार? सडका कांदा चार-पाच फूट उंचीच्या थराच्या मध्यभागी असेल, तर तो काढण्यासाठी कप्पा फोडावा लागेल आणि मजूर लावून सगळा माल निवडावा लागेल. सड लागल्याचे तर चाळीजवळून जाताना वासानेही कळते. ज्या माहितीने शेतकऱ्याचा एकही निर्णय बदलत नाही, ती अचूक मिळाली तरी तिचा उपयोग काय, हे तुम्हाला आधी ठरवावे लागेल.

अभियांत्रिकी डिझाइन प्रक्रियेची आकृती तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिली असेल : गरज, समस्येची व्याख्या, निकष व मर्यादा, पर्याय, निवड, नमुना, चाचणी आणि चाचणीत जे आढळेल त्यानुसार मागे फिरून सुधारणा. अनेक अहवालांत ही आकृती शेवटच्या आठवड्यात चिकटवलेली असते, आणि तोंडी परीक्षेत ते दोन प्रश्नांत उघडे पडते. तुम्ही उपकरण आधी निवडले आहे आणि आता त्याला शोभेल अशी समस्या शोधत आहात.

तेव्हा व्याख्येपासून सुरुवात करा. ‘कांदा खराब होतो’ ही तक्रार झाली. साठवणुकीतील नुकसान मुख्यतः तीन प्रकारचे असते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा चाळीत गेल्यावर उष्णतेने त्याचे वजन घटते, पावसाळ्याच्या दमट हवेत सड वाढते आणि पावसाळा सरताना तापमान उतरू लागले की कोंब फुटतात. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. लासलगावचे ‘कृषक’ विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. तेथील गॅमा किरणांच्या प्रक्रियेने कोंब रोखले जातात, परंतु सडीवर तो उपाय नव्हे. सडीचे मूळ तर अनेकदा चाळीत नसतेच. काढणीच्या वेळी लागलेला मार, अवकाळी पावसात भिजलेला माल, मान पुरती न सुकवता किंवा पात फार आखूड कापून भरलेला कांदा, निवडीत राहून गेलेले जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), यांतले तुमच्या घरी काय घडते? उत्तर काढणीत सापडले, तर तुमचा प्रकल्प सेन्सरचा राहणार नाही. तो कदाचित पात कापण्याच्या किंवा प्रतवारीच्या यंत्राचा होईल, आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला तो अधिक शोभेल.

यात एक अडचण आहे, जी बहुधा तुमच्या मार्गदर्शकांच्याही लक्षात आलेली नसेल. तुमचे शैक्षणिक वर्ष संपेल तेव्हा नवा कांदा नुकताच चाळीत जात असेल, म्हणजे पावसाळी सडीची चाचणी घेण्याची संधी तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. आत्ता चाळीत माल आहे, तेव्हा मोजमाप आत्ताच करा. निवडलेला कांदा जाळीच्या लहान पिशव्यांत वजन करून भरा, त्या एका कप्प्याच्या तळाशी, मध्यभागी आणि वरच्या थरात ठेवा आणि प्रत्येकीला दोरी बांधून ठेवा, म्हणजे ढीग न मोडता ती बाहेर ओढता येईल. दर पंधरवड्याला वजन, सडलेले नग आणि कोंब फुटलेले नग वेगवेगळे नोंदवा. आणलेला ईएसपी३२ वाया जाणार नाही. त्याला तापमान-आर्द्रतेचा साधा सेन्सर जोडून तिन्ही थरांतील फरक टिपा. मधला थरच अधिक दमट निघाला, तर समस्या वायुवीजनाची आहे असे म्हणायला काही आधार मिळेल.

त्यानंतरच निकष लिहा, आणि तेही मोजता येतील असे : क्विंटलमागे खर्च किती चालेल, वीज नसताना काम अडता कामा नये, नेहमीच्या मजुराला शिकवण्याविना हाताळता यावे. मग कप्प्याची रुंदी कमी करणे, ढिगात सच्छिद्र पाइप उभा करणे, पंख्याने हवा खेळवणे असे पर्याय एका तक्त्यात मांडून याच निकषांवर गुण द्या. ‘काहीही न बदलणे’ हाही पर्याय तक्त्यात ठेवा, कारण शेतकरी आपल्या खर्चाची तुलना त्याच्याशीच करतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या साठवणुकीविषयीच्या शिफारशी आधी वाचा. जे शोधून झाले आहे ते पुन्हा शोधण्यात वर्ष घालवू नका.

मुलाखतीची चिंता मात्र सोडा. पुणे-चाकण पट्ट्यातील वाहन उद्योगात डिझाइन विभागाचे लोक डीएफएमईए करतात, म्हणजे भाग कसा बिघडेल, का बिघडेल आणि त्याचा परिणाम काय होईल याची आगाऊ मांडणी. कांद्याच्या नुकसानाची कारणे वेगळी काढणारा विद्यार्थी तोच विचार करत असतो. बाजारातून तयार प्रकल्प विकत आणणाऱ्या उमेदवाराला ‘हाच पर्याय का निवडला?’ या प्रश्नावर बोलता येत नाही. तुम्हाला तारखेनिशी वही उघडून दाखवता येईल. हे काम पुढेही आवडले, तर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रातील तंत्रज्ञान व विकास या विषयाचा एम.टेक. गेट या प्रवेश परीक्षेच्या मार्गाने खुला आहे, आणि उत्पादन डिझाइनकडे ओढ असल्यास सीड (CEED) ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा अंतिम वर्षात असतानाच देता येते.

महाविद्यालयात विषयाची नोंदणी अजून झाली नसेल, तर अर्जात उपकरणाचे नाव लिहू नका. ‘चाळीतील उन्हाळी कांद्याच्या साठवण-नुकसानीचे मापन व त्यावरील उपाय’ असे शीर्षक द्या, आणि पहिल्या दोन पंधरवड्यांच्या नोंदी घेऊनच मार्गदर्शकांना भेटा.