थुनेर, समुद्रकाकडी आणि मधलं अंतर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तुलनात्मक अभ्यासाचा आराखडा वाचला. हिमालयातला थुनेर हा वृक्ष आणि मन्नारच्या आखातातली समुद्रकाकडी हा प्राणी ही जोडी मला मनापासून आवडली. पण मुळं-खोड-पानं एका रकान्यात आणि तोंड-आतडी दुसऱ्यात, हा तक्ता काढून टाक. वंशावळ पाहिली तर समुद्रकाकडी झाडापेक्षा तुझ्या-माझ्या कितीतरी जवळची आहे. अवयव समोरासमोर मांडून हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा दोघांना एकच प्रश्न विचार: वंश पुढे न्यायला जोडीदार किती जवळ लागतो?

थुनेरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पराग वाऱ्यावर जातो, बीभोवतीचा लाल गर पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. वाढ अतिशय सावकाश, पण आयुष्य शतकांचं. वाट पाहायला त्याच्यापाशी वेळ असतो.

होलोथुरिया स्काब्रा या समुद्रकाकडीतही नर-मादी वेगळे. त्या अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. अंतर वाढलं की शुक्राणू विरून जातात. म्हणजे वेचून वेचून विरळ झालेल्या, वाळूत धडधाकट चरणाऱ्या समुद्रकाकड्या मोजणीत दिसतील आणि तरी पुढची पिढी येणार नाही. म्हणून नुसती संख्या लिहू नकोस, दोघींमधलं अंतर मोज. माझ्या मते तुझ्या कामाचा जीव इथेच आहे.

दोघांनाही माणसाच्या मागणीनंच विरळ केलं. थुनेरच्या अमेरिकी भाऊबंदाच्या सालीतल्या टॅक्सॉल या द्रव्याची रेणूरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती उलगडणाऱ्यांपैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. कर्करोगावर मोलाचं औषध मिळालं, पण साल काढली की झाड मरतं. समुद्रकाकडी सुकवून पूर्व आशियात खाण्यासाठी जाते. आपल्याकडे २००१ पासून तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तरी चोरटी पकड थांबलेली नाही.

रोपवाटिकेबद्दल तू फार भाबडेपणानं लिहिलं आहेस. थुनेर फांदीच्या कलमानं वाढतो, पण सगळी कलमं एकाच मादी झाडाची असतील तर तिथे पराग येणार कुठून? समुद्रकाकडीची पिल्लं तुतिकोरिनला १९८८ मध्येच तयार झाली होती. तिथेही मूळ नर-मादी मोजकेच घेतले, तर पुढची सगळी पिल्लं एकमेकांची भावंडंच. उत्तराखंडात गेलीस की रोपांची संख्या नंतर विचार, आधी कलमं किती झाडांची आणि त्यांतली नर किती, ते विचारून घे.

तुझे,
सर