झुडपं तोडायला स्वस्त पण चांगला कोयता कोणता घ्यावा?

कोकणातल्या बागेत घाणेरी, करवंदाच्या जाळ्या तोडायच्या असतील तर चकचकीत पातळ पात्याच्या मागे लागू नका. आठवडा बाजारात लोहार गाठा आणि गाडीच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, कोयता मागा. ते पोलाद धार धरतं, सहजासहजी तुटत नाही.

घेताना आधी मूठ बघा. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेली हवी. नुसती ठोकून बसवलेली असेल तर पातं कधीतरी निसटतं, आणि ते पायावरच येतं! मग धारेवर हलकेच कानस ओढा. खोल चावली तर पातं मऊ, धार टिकणार नाही. नुसती घसरली तर फार कडक, दगडावर बसताच टवका उडेल. कानस थोडीशीच चावेल असा कोयता घ्या.

गवताला मात्र विळाच बरा.